मिरीचे आठ दाणे : फेनिटोइनच्या वाढलेल्या पातळीचे वाशीतील एक प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाची झड लागलेली असताना, ६१ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या वाशीच्या दवाखान्यात आले. दोन दिवसांपूर्वी इमारतीच्या जिन्यात शेवटच्या तीन पायऱ्यांवरून ते घसरले होते आणि उजवे कोपर खरचटले होते. पण तक्रार कोपराची नव्हती. “पाऊल जिथं टाकायचं तिथं पडत नाही,” असे ते म्हणाले, आणि हे वाक्य उच्चारताना त्यांची जीभ किंचित जड पडत होती. पत्नीने सांगितले की गेला आठवडाभर शेजाऱ्यांना वाटते आहे की हे ‘घेऊन’ घरी येतात, आणि जन्मात सुपारीचे खांडही तोंडात न टाकलेल्या माणसाला जिन्यावरून पडण्यापेक्षा त्या नजरा जास्त लागल्या आहेत.

हे प्रकरण त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. व्यवसाय मात्र तसाच ठेवला आहे, कारण त्याचा पुढे संबंध येतो. त्यांनी तीस वर्षे तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला बाजारात एका पेढीवर हिशोब लिहिले. बाजारात अशा माणसाला मेहताजी म्हणतात, आणि निवृत्तीनंतरही ते अर्धा दिवस पेढीवर जातात म्हणून मीही त्यांना मेहताजीच म्हणतो. २२ वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावर स्कूटर घसरून त्यांच्या डोक्याला मार लागला होता. त्यानंतर काही महिन्यांनी फिट येऊ लागल्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी फेनिटोइन सुरू केले. सकाळी १०० आणि रात्री २०० मिलिग्रॅम हा डोस कित्येक वर्षे बदललेला नाही. शेवटची फिट ११ वर्षांपूर्वीची. रक्तदाब, मधुमेह नाही. गेली दोन वर्षे दोन्ही गुडघे दुखतात. क्ष-किरण चित्रात झीज दिसते.

माझी चूक आधीच सांगतो. या भेटीच्या १८ दिवस आधी ते एकटे आले होते आणि “थोडं गरगरतं” एवढेच म्हणाले होते. दवाखान्यात गर्दी होती. मी रक्तदाब पाहिला, कान पाहिले, “दुसरं काही औषध चालू आहे का?” असे विचारले, “नाही, तेच आपलं फिटचं” हे उत्तर ऐकले आणि चक्करवर बीटाहिस्टीनच्या गोळ्या लिहून दिल्या. माझा प्रश्न चुकीचा होता आणि त्यांचे उत्तर त्या प्रश्नापुरते खरे होते.

या वेळी मी त्यांना खुर्चीत बसवून माझ्या बोटाकडे पाहायला सांगितले. बोट डावीकडे नेले तेव्हा बुबुळे तिथे पोहोचली, पण स्थिर राहिनात; कडेला गेली की झटका घेऊन मधे यायची, पुन्हा कडेला जायची. उजवीकडेही तेच. दवाखान्यातील फरशीच्या सांध्यावरून टाचेला बोट लावून चालायला सांगितले तर तिसऱ्या पावलाला त्यांनी भिंत धरली. नाकाला बोट लावताना हात शेवटच्या इंचात डळमळत होता. त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटी वही असते, तीत रोजचे मिरी-धण्या-जिऱ्याचे दर टाकलेले असतात. ती मागून घेतली. मे महिन्याच्या पानांवर अंक मोत्यासारखे होते, तर जुलैच्या पानांवर तेच अंक रेघ सोडून खाली उतरत होते आणि आठाचे शेपूट शेजारच्या रकान्यात शिरले होते.

डोळ्यांची अशी झटकेदार हालचाल, तोल जाणे आणि बोबडे बोलणे ही तिन्ही लक्षणे फेनिटोइन घेणाऱ्या माणसात एकत्र दिसली की पहिला संशय त्याच औषधावर जातो. रक्तातील त्याची उपयुक्त पातळी प्रतिमिलिलिटर १० ते २० मायक्रोग्रॅम एवढ्याच अरुंद पट्ट्यात असते. साधारणपणे वीसच्या वर डोळे दगा देऊ लागतात, तिसाच्या आसपास तोल जातो आणि चाळीसच्या पुढे गुंगी व गोंधळ सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळीआधी घेतलेल्या नमुन्यात त्यांची पातळी ३१ आली. चौदा महिन्यांपूर्वीच्या कागदावर ती १४ होती.

पिशवीतली बाटली

डोस तोच आणि पातळी दुपटीहून अधिक, हे कोडे सोडवताना नेहमीच्या शंका क्रमाने तपासाव्या लागतात. गोळ्या चुकून जास्त घेतल्या का? स्ट्रिपा मोजल्या, हिशोब जुळला. तीस वर्षे खतावण्या जुळवलेला माणूस गोळ्यांत चुकेल हे मला संभवनीय वाटले नव्हतेच. एखादे प्रतिजैविक, बुरशीवरचे औषध किंवा क्षयरोगाचे आयसोनियाझिड मधे सुरू झाले का? नाही. यकृत बिघडले किंवा रक्तातील अल्ब्युमिन घटले का? दोन्ही चाचण्या ठीक आल्या. पडल्यामुळे डोक्यात रक्तस्राव झाला का? मेंदूविकारतज्ज्ञांनी सीटी स्कॅन करून घेतला. त्यात जुन्या जखमेचा वण होता, नवे काही नव्हते.

गोळीची कंपनी बदलली का, हाही प्रश्न होता, आणि तो क्षुल्लक नाही. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटोइनच्या कॅप्सूलमधील भरणद्रव्य कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज करण्यात आले. औषधाची मात्रा तीच राहिली, पण लॅक्टोजमुळे ते आतड्यातून अधिक शोषले जाऊ लागले आणि वर्षानुवर्षे स्थिर असलेले अनेक रुग्ण झोकांड्या खात दवाखान्यांत येऊ लागले. औषध नव्हे, त्याच्या सोबतचा ‘निरुपद्रवी’ पदार्थ बदलला होता. हा दाखला मला विद्यार्थिदशेपासून पाठ आहे, आणि तरीही पहिल्या भेटीत तो आठवला नाही. मेहताजींच्या गोळ्या मात्र त्याच कंपनीच्या होत्या.

अखेरीस मी पत्नीला सांगितले की घरात हे जे जे गिळतात, ते औषध असो वा नसो, सगळे एका पिशवीत घालून आणा. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाची कापडी पिशवी टेबलावर रिकामी झाली : फेनिटोइन, माझ्याच बीटाहिस्टीनच्या गोळ्या, इसबगोल, अर्धी संपलेली मलमाची ट्यूब, आणि एक हिरव्या झाकणाची पांढरी प्लास्टिकची बाटली. बाटलीकडे मी हात नेला तसे मेहताजी घाईने म्हणाले, “ते औषध नव्हे, डॉक्टर. ते आपलं हळद-मिरी आहे. गुडघ्यासाठी.”

बाटलीच्या दर्शनी बाजूवर हळदीच्या गड्ड्याचे चित्र होते आणि ५०० हा आकडा अंगठ्याएवढा छापला होता. मागच्या बाजूला, चष्मा पुढे-मागे करून वाचावे लागेल अशा अक्षरांत, प्रत्येक कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीचा अर्क असून त्यात १० मिलिग्रॅम पायपरीन असल्याचे लिहिले होते. त्याखाली नियमानुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना होती आणि तिच्याही खाली, औषधे चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे आणखी बारीक वाक्य होते. ऐरोलीला राहणाऱ्या भाच्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मागवून दिलेल्या दोन बाटल्यांपैकी ही दुसरी. सकाळी नाश्त्यानंतर एक, रात्री जेवणानंतर एक, आणि दोन्ही वेळा फेनिटोइनच्या बरोबरच, म्हणजे विसरायला होत नाही.

पायपरीन करते काय

मिरीचा तिखटपणा ज्या अल्कलॉइडमुळे असतो ते पायपरीन १८१९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी वेगळे केले. विद्युतप्रवाहाने चुंबकसुई हलते हे पुढच्याच वर्षी दाखवणारे तेच ओर्स्टेड. आज बाजारात ते बहुतेक वेळा ९५ टक्के शुद्ध अर्काच्या रूपात, पाच ते वीस मिलिग्रॅम मात्रेत मिळते, आणि फार क्वचित एकटे मिळते. त्याचे काम सोबतच्या पदार्थाला रक्तापर्यंत पोहोचवणे हे आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटू कित्येक आयुर्वेदिक कल्पांत आढळते, आणि जे द्रव्य दुसऱ्याचे गुण पुढे वाहून नेते त्याला योगवाही म्हणण्याची रीतही जुनी आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्रिकटूवर काम करून ही गोष्ट आधुनिक औषधशास्त्राच्या भाषेत मांडली. त्याच धाग्यातून पुढे क्षयरोगासाठी एक गोळी तयार झाली, जिच्यात रिफाम्पिसिनची नेहमीची ४५० मिलिग्रॅम मात्रा २०० वर आणून तिच्या जोडीला आयसोनियाझिड आणि १० मिलिग्रॅम पायपरीन दिलेले असते. हा आकडा इथे मुद्दाम देत आहे. मेहताजींच्या एका कॅप्सूलमध्ये जेवढे पायपरीन होते, तेवढ्याच्या भरवशावर एका ताकदवान प्रतिजैविकाची मात्रा निम्म्याहून खाली आणली जाते; त्या पदार्थाला ‘आपलं मिरी’ म्हणून सोडून देणे शहाणपणाचे नव्हे.

हळदीशी त्याची जोडी जमली ती बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासामुळे. हळदीतले मुख्य द्रव्य म्हणजे कर्क्युमिन; ते दोन ग्रॅम नुसते दिले तर निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तात ते जेमतेम सापडत होते. सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष पोहोचणारे प्रमाण, २००० टक्क्यांनी वाढली. जाहिरातींत हा आकडा सर्रास दिसतो. मूळ आकडा जवळजवळ शून्य असताना त्याचे कितीही पट केले तरी हाती थोडेच लागते, हे जाहिरातीत दिसत नाही. त्याच अभ्यासात उंदरांमधील वाढ १५४ टक्केच होती, हेही कुठे छापलेले मी पाहिलेले नाही.

हे घडते कसे, तर आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात बाहेरून आलेल्या रसायनांची वासलात लावणारी यंत्रणा असते. काही विकरे (एन्झाइम) त्यांचे तुकडे करतात, काही त्यांना ग्लुकुरोनिक आम्ल चिकटवून विद्राव्य बनवतात, आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप पेशीत शिरलेले रसायन पुन्हा आतड्यात फेकून देतो. पायपरीन या तिघांनाही काही काळ मंद करते. विशेषतः सीवायपी ३ए४ हे विकर आणि हा पंप यांच्यावरील परिणाम मानवी पेशींवरील प्रयोगांत दिसला आहे. अडचण एवढीच की दारावरचा पहारेकरी झोपला म्हणजे तो फक्त हळदीसाठी झोपत नाही. त्या वेळी जे कोणी दारात उभे असेल ते सगळे आत येते. ज्या गुणासाठी हा पदार्थ विकला जातो तोच त्याचा धोका आहे, म्हणून “पायपरीन सुरक्षित आहे का?” या प्रश्नाला “कशाबरोबर?” असे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

फेनिटोइनबरोबर ते सुरक्षित नाही, असे म्हणायला माणसांवरील पुरावा आहे. १९८७ मध्ये भारतीय संशोधकांनी मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना सात दिवस रोज २० मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा फेनिटोइन लवकर शोषले गेले आणि शरीरातून बाहेर पडायला त्याने जास्त वेळ घेतला. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीपासून फेनिटोइनवर असलेल्या अपस्माराच्या रुग्णांना २० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला तरी रक्तातील पातळी वाढलेली दिसली. कार्बामाझेपीन, प्रोप्रानोलॉल, थिओफिलिन आणि एचआयव्हीवरील नेव्हिरापीन यांच्याबाबतही असेच मानवी अभ्यास आहेत. या अभ्यासांतली माणसे थोडी होती, हे खरे. फेनिटोइनचे विघटन मुख्यतः सीवायपी २सी९ या वेगळ्याच विकराकडून होते, त्यामुळे केवळ ३ए४ च्या आधारे या आंतरक्रियेचा पूर्ण उलगडा होत नाही. आतड्यातून होणारे वाढीव शोषण हा त्यातला मोठा भाग असावा, असे माझे मत आहे.

आठ दाण्यांचा हिशोब

हे सगळे सोप्या शब्दांत सांगून झाल्यावर मेहताजींनी जो आक्षेप घेतला तो मला अजून या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. बाजारात मिरीचा दर तिच्या लिटर-वजनावर ठरतो : एक लिटरच्या मापात ५५० ग्रॅम भरली तर माल भरीव, त्याहून बरीच कमी भरली तर पोचट. भेसळीतल्या पपईच्या बिया ते हातात घेताच ओळखतात. “मी तीस वर्षं पोत्यांतनं मिरी वर-खाली केली,” ते म्हणाले. “दुपारच्या डब्यात कट असायचा. पेढीवर घसा बसला की चार दाणे चघळायचे. तेव्हा नाही झालं ते, आणि या चिमूटभर पावडरीनं झालं?”

दुसऱ्या दिवशी खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी माझ्या टेबलावर मिरी ओतली. आम्ही खरोखरच हिशोब मांडला. चांगल्या मिरीचे शंभर दाणे साधारण पाच ग्रॅम भरतात, म्हणजे एक दाणा ५० मिलिग्रॅमचा. त्यात पायपरीन पाच टक्के धरले तर अडीच मिलिग्रॅम. त्यांच्या दिवसाच्या दोन कॅप्सूलमधील २० मिलिग्रॅम म्हणजे मिरीचे आठ दाणे. त्यांनी आठ दाणे बोटाने वेगळे काढले आणि माझ्याकडे पाहिले. एवढेच?

एवढेच, आणि आक्षेप पोकळ नाही. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले होते की मिरी घातलेल्या सूपबरोबर फेनिटोइन घेतले तरी रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा स्वयंपाकातली मिरी निष्पाप आणि कॅप्सूलमधली दोषी, अशी सोयीची विभागणी करता येत नाही. फरक दुसरीकडे आहे. अख्खा दाणा न चावता गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. कुटलेली मिरी भाजी-आमटीत पसरते, चौघांच्या ताटांत वाटली जाते, एका दिवशी जास्त पडते आणि दुसऱ्या दिवशी पडतच नाही. कॅप्सूलमध्ये तो अर्क एकाच क्षणी, मोकळ्या स्वरूपात, रोज दोनदा आणि नेमका फेनिटोइनच्या गोळीसोबत पोटात उतरतो. दुसरे, आणि माझ्या मते याहून महत्त्वाचे असे की, २२ वर्षांपूर्वी त्यांचा डोस ठरला तो त्यांच्या घरच्या स्वयंपाकावर ठरला. मेंदूविकारतज्ज्ञांनी पातळी पाहून ३०० मिलिग्रॅम नक्की केले तेव्हा गोड्या मसाल्यातली मिरी आणि घशासाठी चघळलेले चार दाणे त्या पातळीत आधीच जमा होते. जूनमधले आठ दाणे त्या हिशोबाबाहेरचे होते.

आता राहिला प्रश्न की अभ्यासांत दुपटी-तिपटीची वाढ दिसत नसताना इथे १४ चे ३१ कसे झाले. याचे उत्तर फेनिटोइनच्या स्वभावात आहे. बहुतेक औषधांची रक्तातील पातळी वाढली की शरीर ती त्याच प्रमाणात अधिक वेगाने बाहेर काढते. फेनिटोइनचे विघटन करणारे विकर उपयुक्त पातळीतच जवळजवळ पूर्ण भाराने चाललेले असते, आणि त्याहून वेगाने चालणे त्याला शक्य नसते. ऐरोली-मुलुंड पुलाच्या टोलनाक्यावर पूर्वी सायंकाळी जे व्हायचे तेच इथे होते : खिडक्या तेवढ्याच असताना गाड्या शेकडा दहा-पंधरा वाढल्या की रांग शेकडा पंधराने वाढत नसे, पार मागच्या सिग्नलला जाऊन भिडे. नेहमीच्या समीकरणात मेहताजींचे आकडे घालून पाहिले, तर विघटनाच्या कमाल क्षमतेत सुमारे १५ टक्के घट पातळी १४ वरून ३१ वर न्यायला पुरते. शोषणात साधारण तेवढीच वाढ झाली तरी तेच.

याच स्वभावामुळे नवी पातळी स्थिरावायलाही वेळ लागतो; एरवी जे आठवड्यात व्हावे ते इथे काही आठवड्यांवर जाते. मेहताजींना पहिल्या पंधरवड्यात काहीच जाणवले नाही, तिसऱ्या आठवड्यात गरगरू लागले, सहाव्या आठवड्यात ते जिन्यात पडले. कॅप्सूल घेतली आणि त्याच संध्याकाळी चक्कर आली असती तर त्यांनी स्वतःच ती बंद केली असती.

उपचार आणि त्यानंतर

कॅप्सूल त्याच दिवशी बंद केल्या. फेनिटोइन अचानक सोडले तर फिट येण्याची भीती असते, त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एक दिवस ते थांबवून पूर्वीच्याच डोसवर पुन्हा सुरू केले, आणि बीटाहिस्टीन, जे मुळात लागतच नव्हते, काढून टाकले. पाचव्या दिवशी पातळी २२ होती. दहाव्या दिवशी ते फरशीच्या सांध्यावरून भिंत न धरता चालले. चार आठवड्यांनी, त्याच ३०० मिलिग्रॅमवर, पातळी १५ आली.

कार्यकारणसंबंध किती पक्का आहे, याबद्दल जपून बोलले पाहिजे. कॅप्सूल पुन्हा देऊन पाहणे योग्य नव्हते आणि तसे केले नाही. कॅप्सूल आणि एक दिवसाचे फेनिटोइन एकाच वेळी थांबवल्यामुळे पहिल्या पाच दिवसांतील उतार कशामुळे, हे सांगता येत नाही. पुरावा म्हणून मी चौथ्या आठवड्यातील १५ ला जास्त वजन देतो, कारण तेव्हा औषध पूर्ण डोसवर होते आणि फक्त कॅप्सूल नव्हती. हळदीच्या अर्काचाही काही वाटा असू शकतो, तो वेगळा काढता येत नाही. चौदा महिन्यांपूर्वीची पातळी ही मेमधली पातळी नव्हे. हे सगळे धरून मी या आंतरक्रियेची नोंद ‘संभाव्य’ या वर्गात केली, ‘निश्चित’ या वर्गात नाही, आणि ती औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवली. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालणाऱ्या या कार्यक्रमाला डॉक्टरांप्रमाणे रुग्णही थेट कळवू शकतात. १८००-१८०-३०२४ हा त्याचा विनामूल्य दूरध्वनी आहे.

गुडघ्यांबाबत मेहताजी नाराज राहिले, आणि त्यांच्या नाराजीत तथ्य होते. कॅप्सूल सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून जिना चढताना दुखणे कमी झाले होते. गुडघ्याच्या झिजेत कर्क्युमिनमुळे वेदना काही प्रमाणात कमी होतात असे दाखवणाऱ्या लहान चाचण्या आहेत, त्यामुळे त्यांचा अनुभव मी भ्रम म्हणून उडवून लावला नाही. तरीही पायपरीन नसलेली हळदीची कॅप्सूल चालेल का, या त्यांच्या प्रश्नाला मी नकार दिला. शोषण वाढवलेल्या हळद-उत्पादनांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे इटली, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. अमेरिकेतील यकृत-इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधक-जाळ्याने २०२३ मध्ये अशी दहा प्रकरणे प्रसिद्ध केली, त्यांतल्या पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. कोट्यवधी लोक हळद खातात त्या मानाने ही संख्या नगण्य आहे, हे मान्य. पण ज्यांचे फेनिटोइन यकृतावरच अवलंबून आहे त्यांच्यासाठी तो जुगार कशाला? त्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, लावायचे वेदनाशामक जेल आणि तुर्भ्याला जाताना रेल्वे पुलाऐवजी रिक्षा, एवढे सांगितले. फेनिटोइनऐवजी लेव्हेटिरासिटामसारखे, यकृतातील या विकरांवर फारसे न विसंबणारे औषध घेण्याचा पर्याय तज्ज्ञांनी पुढे ठेवला. अकरा वर्षे फिट न आलेल्या माणसाने तो नम्रपणे नाकारला.

निरोगी, कोणतेही औषध न घेणाऱ्या प्रौढाने काय करावे, असे मला विचारले जाते. जर्मनीच्या केंद्रीय जोखीम मूल्यांकन संस्थेने सप्लिमेंटमधील सुट्या पायपरीनसाठी दिवसाला २ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे आणि गरोदर स्त्रियांनी ते टाळावे असे म्हटले आहे. ही मर्यादा फार सावध आहे. मेहताजींची बाटली तिच्या दहापट देत होती. गरोदरपण, फिटची औषधे, प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, दम्याचे थिओफिलिन यांपैकी काहीही असेल तर मी स्पष्ट नाही म्हणतो. पिंपळीतही पायपरीन असते, आणि ज्या तीन गोष्टींचा अतिवापर करू नये असे चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागात सांगितले आहे, त्यांत क्षार आणि मीठ यांच्या आधी नाव पिंपळीचे आहे. माझ्या ओळखीच्या एका वैद्यांनी हे प्रकरण ऐकल्यावर मला तो दाखला काढून दिला, आणि आमच्याकडे हे आधीच लिहिलेले आहे, असे सांगताना त्यांना जो आनंद झाला तो मी त्यांच्याकडून हिरावून घेतला नाही.

माझ्या केसपेपरवरचा प्रश्न आता बदलला आहे. “दुसरं औषध?” या जागी “काढे, चूर्ण, कॅप्सूल, पावडर, ऑनलाइन मागवलेलं काही?” असे छापून घेतले आहे, आणि फिटच्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी पिशवी आणायला सांगतो.

शेवटच्या तपासणीला पत्नी पुन्हा सोबत होत्या. पातळीचा कागद पाहून झाल्यावर त्यांनी पर्समधून तीच बाटली काढली. आत ३२ कॅप्सूल उरल्या होत्या आणि त्यांनी त्या मोजून आणल्या होत्या. “दोन बाटल्यांचे पैसे भरलेत, डॉक्टर. यांना चालत नाहीत तर मी घेऊ का? माझेही गुडघे कुरकुरतातच.” मी त्यांचा केसपेपर काढायला सांगितला. अर्धशिशीसाठी त्या सात वर्षे प्रोप्रानोलॉल घेत आहेत, आणि ते मीच लिहून दिलेले आहे.

बाटली माझ्याकडेच ठेवून घेतली.